पुरंदरावर वारलेला लॉर्ड आणि विकत मिळणारी कर्नलकी

प्रश्न थोडक्यात असा: ‘पुरंदर किल्ल्यावर १८५४ साली लॉर्ड फ्रेडरिक फिट्झक्लॅरेन्स नावाचा सेनापती वारला, अशी एक जुनी नोंद सापडली. लॉर्ड म्हणजे गव्हर्नर ना? मग हा फौजेत कसा? या बड्या घरच्या लोकांना हुद्दे जन्मानंच मिळायचे का? आणि ते खरंच लढायचे की नुसते मिरवायचे?’

मी गेली वीसेक वर्षं छावण्यांच्या जुन्या दफनभूमींमधले शिलालेख उतरवून घेतो आणि त्या नावांचा माग ब्रिटिश सैन्याच्या छापील याद्यांमधून काढतो. हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत दरवर्षी पावसाळा सरला की येतोच, कारण पावसाळ्यात माणसं किल्ल्यांवर जातात. तेव्हा या खेपेला जरा ऐसपैस उत्तर देतो.

आधी ‘लॉर्ड’चा घोळ. आपला ‘लाटसाहेब’ या ‘लॉर्ड’वरूनच आला. गव्हर्नर तो मुलकी लाट, सरसेनापती तो जंगी लाट. त्यामुळे लॉर्ड हा सरकारी हुद्दा असावा असं आपल्या मनात पक्कं बसलंय. तिकडे खरा उमराव एका घरात एका वेळी एकच: ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट किंवा बॅरन, याच उतरत्या क्रमानं. त्याची मुलंबाळं कायद्यानं साधी प्रजाच. मात्र शिष्टाचार म्हणून ड्यूक आणि मार्क्विसच्या धाकट्या मुलांच्या पहिल्या नावाआधी ‘लॉर्ड’ लागतं. अर्लच्या धाकट्या मुलांना आणि व्हायकाउंट-बॅरनच्या सगळ्याच मुलांना ‘ऑनरेबल’ लागतं. म्हणून तुमचा माणूस ‘लॉर्ड फ्रेडरिक’. त्याला ‘लॉर्ड फिट्झक्लॅरेन्स’ म्हणणं चूक. ही चूक आपल्याकडच्या छापील पुस्तकांतही सर्रास दिसते.

आता त्याचं आडनाव. ‘फिट्झ’ म्हणजे अमक्याचा मुलगा. राजघराण्यात लग्नाबाहेर झालेल्या मुलांना हे आडनाव द्यायची जुनी रीत होती. फ्रेडरिकचा बाप क्लॅरेन्सचा ड्यूक, आई डोरोथिया जॉर्डन ही रंगभूमीवरची गाजलेली नटी. दोघांना दहा मुलं झाली. पुढे १८३० मध्ये हाच ड्यूक चौथा विल्यम म्हणून गादीवर बसला, पण या दहांपैकी एकालाही वारसा मिळणं शक्य नव्हतं. गादी पुतणीकडे, म्हणजे व्हिक्टोरियाकडे गेली. बापानं १८३१ मध्ये थोरल्याला अर्ल केलं आणि बाकीच्यांना मार्क्विसच्या मुलांचा मान दिला. फ्रेडरिकच्या नावाआधीचं ‘लॉर्ड’ तिथून आलं. त्याची बहीण अमेलिया ही मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड यांची बायको. फॉकलंड १८४८ ते १८५३ इथे होते आणि फ्रेडरिक १८५२ मध्ये मुंबई फौजेचा सरसेनापती झाला. म्हणजे काही काळ या इलाख्यात भाऊ जंगी लाट आणि बहिणीचा नवरा मुलकी लाट, असा घरचाच कारभार होता.

तो नुसताच राजाचा पोरगा होता का? विशीत असताना, २३ फेब्रुवारी १८२० ला, लंडनच्या केटो स्ट्रीटवरच्या एका तबेल्याच्या माळ्यावर अख्ख्या मंत्रिमंडळाला ठार मारायचा कट शिजत होता. तो मोडायला गेलेली कोल्डस्ट्रीम गार्ड्‌सची तुकडी फ्रेडरिकच्या हाताखाली होती. अंधारात, हत्यारं घेऊन बसलेल्या माणसांवर चालून जायचं काम होतं. तेव्हा भित्रा म्हणून त्याला सोडून देता येत नाही.

मूळ कारण मात्र तिथल्या वारसा पद्धतीत आहे. आपल्याकडे वतनाच्या वाटण्या होत होत चिंध्या होतात, पण प्रत्येक भावाच्या हाती काही ना काही पडतं. इंग्रज उमरावांत जमीन, वाडा, किताब, सगळं थोरल्याला. धाकट्यांनी आपली सोय बघायची: फौज, आरमार, चर्च, नाहीतर वकिली. त्यात फौज सगळ्यात प्रतिष्ठेची. पण तिथे शिरायला पैसे मोजावे लागत.

हो, रोख पैसे. १८७१ पर्यंत ब्रिटिश पायदळ आणि घोडदळातले लेफ्टनंट कर्नलपर्यंतचे बहुतेक हुद्दे विकत मिळत, आणि त्यांचे भाव सरकारनं ठरवून छापलेले होते. १८२१ च्या दरपत्रकात साध्या पायदळी पलटणीत सगळ्यात खालचा अधिकारी, म्हणजे एन्साइन, व्हायला ४५० पौंड. कॅप्टनकी १,८०० ला आणि लेफ्टनंट कर्नलची जागा ४,५०० ला. घोडदळात तीच जागा ६,१७५ पौंडांना, तर राजाच्या पायदळी गार्ड्‌समध्ये ९,००० ला. खालच्यानं वर चढताना फक्त फरक भरायचा. आता पगार बघा. एन्साइनला दिवसाला ५ शिलिंग ३ पेन्स, म्हणजे वर्षाकाठी जेमतेम ९५ पौंड. त्यातूनच गणवेश, घोडा, मेसचं बिल. पगारावर जगणाऱ्याचं हे कामच नव्हतं, आणि ते तसं नसावं हाच हेतू होता. ज्याची इस्टेट आहे तो राज्य उलथवायला जाणार नाही, असा त्यामागचा हिशेब. राजालाच मारून सत्ता हाती घेणाऱ्या क्रॉमवेलच्या फौजेची आठवण इंग्रजांना दीडशे वर्षांनंतरही बोचत होती.

म्हणून ‘हुद्दा जन्मानं मिळायचा का’ याचं नेमकं उत्तर असं: जन्मानं हुद्दा मिळत नसे, पण हुद्द्याचे पैसे आणि शिफारस मिळत असे. सरसेनापतीची मंजुरी लागायची, किमान सेवेची अटही होती. ती अट यॉर्कच्या ड्यूकनं १७९५ मध्ये सरसेनापती झाल्यावर घातली, कारण तोवर शाळकरी पोरांच्या नावावर कॅप्टनक्या घेतल्या जात होत्या. गंमत अशी की, १८०९ मध्ये याच ड्यूकची रखेल मेरी ॲन क्लार्क बढत्यांसाठी पैसे खाते असा बोभाटा झाला आणि ड्यूकला पद सोडावं लागलं. दोन वर्षांत तो परत त्याच खुर्चीत बसला, हे ओघानं आलंच.

हुद्दा ही मालमत्ता होती, पण विचित्र मालमत्ता. निवृत्त होताना ती विकायची आणि त्या रकमेवर म्हातारपण काढायचं. पण लढाईत मेलात तर जागा पैसे न घेता खालच्याला मिळे, आणि तुमच्या बायकामुलांचं भांडवल तुमच्याबरोबर गाडलं जाई. म्हणून गरीब अधिकारी मेसमध्ये ‘रक्तबंबाळ लढाई आणि रोगट हंगाम’ यांच्या नावानं पेला उचलत: वरचे मेले तरच यांना फुकटात बढती. ऐकायला क्रूर वाटतं, पण हिशेब चोख आहे.

ही खरेदी कुठे नव्हती, हेही सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या कबरींशी त्याचाच जास्त संबंध येतो. आरमारात नव्हती. तोफखाना आणि इंजिनिअर दलात नव्हती; तिथे वूलिचच्या लष्करी शाळेत शिकून यावं लागे. आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतही नव्हती. कंपनीत संचालकाच्या ओळखीनं शिरायचं आणि ज्येष्ठतेनं रखडत वर चढायचं. त्यामुळे कंपनीच्या फौजेत पाद्र्यांची, व्यापाऱ्यांची, स्कॉटलंडच्या लहान जमीनदारांची मुलं भरलेली. ड्यूक-अर्लच्या घरचं पोर विरळाच. शिलेवर मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या अमुक पलटणीचा उल्लेख असेल तर तो कंपनीचा नोकर. ‘हर मॅजेस्टीज’ अमुक क्रमांकाची पलटण असेल तर राणीच्या फौजेतला. लॉर्ड लोक शोधायचे ते या दुसऱ्या गटात. मी सुरुवातीची दोन वर्षं हा फरक न कळता घालवली.

हुद्दा विकत घेऊनही हे काम कसं शिकता येतं, याचं उदाहरण आपल्याच मातीत घडलेलं आहे. आर्थर वेलस्ली, पुढे वेलिंग्टनचा ड्यूक. आयर्लंडमधल्या मॉर्निंग्टनच्या अर्लचा धाकटा मुलगा, जन्म १७६९. घर कर्जात. १७८७ मध्ये एन्साइन झाला आणि १७९३ मध्ये, चोविसाव्या वर्षी, ३३ व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल. या सहा वर्षांत त्यानं कागदावर अर्धा डझन पलटणी बदलल्या आणि बराच काळ डब्लिनमध्ये व्हाइसरॉयच्या दरबारी एडीसी, म्हणजे दिमतीचा लष्करी अधिकारी, म्हणून काढला. शेवटच्या पायऱ्यांचे पैसे थोरला भाऊ रिचर्डनं उसने दिले. त्याच वर्षी आर्थरनं आपली व्हायोलिनं जाळून टाकली; पुन्हा कधी वाजवलं नाही. कारण म्हणे, आता धंदा गंभीरपणे करायचा. एका सरदारकन्येला मागणी घातली होती, तीही पैशाअभावी फेटाळली गेली होती.

१७९७ मध्ये तो पलटण घेऊन कलकत्त्यात उतरला आणि पुढच्याच वर्षी रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन आला. इथून जन्माचा फायदा उघड दिसतो. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणवर शेवटचा हल्ला चढवला डेव्हिड बेअर्डनं, जो याच किल्ल्यात पूर्वी बेड्यांत खितपत पडला होता. किल्ल्याचा कारभार मात्र दिला गेला गव्हर्नर जनरलच्या भावाला. बेअर्ड भडकला, आणि माझ्या मते त्यात काही चूक नव्हती.

पण पुढचं बघा. २० एप्रिल १८०३ ला वेलस्ली पुण्यात पोचला, मे महिन्यात दुसरा बाजीराव वसईच्या तहाच्या आधारानं परत गादीवर बसला, आणि ऑगस्टमध्ये वेलस्लीनं अहमदनगर घेतलं: ८ तारखेला पेठ, १२ ला किल्ला. मग २३ सप्टेंबरला जालना जिल्ह्यातली असई. समोर शिंदे-भोसल्यांची प्रचंड फौज आणि कवायती पलटणी, त्याच्याकडे साडेचार हजारांच्या आसपास माणसं. वाटाडे सांगत होते, केळणेला इथे उतार नाही. त्याला दुर्बिणीतून नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. त्यानं ताडलं, की समोरासमोर गावं आहेत म्हणजे ये-जा असणार, म्हणजे उतार असणारच. उतार होता. त्या दिवशी त्याचा एक घोडा गोळीनं मेला, दुसऱ्याला भाला लागला, आणि त्याची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. मराठ्यांच्या तोफा शेवटपर्यंत गोलंदाजांनी सोडल्या नाहीत, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. म्हातारपणी कुणीतरी विचारलं, लढाईतली तुमची सर्वांत चांगली कामगिरी कोणती? वॉटर्लू सोडून त्यानं असईचं नाव घेतलं.

पैशाची गोष्ट पूर्ण करतो. श्रीरंगपट्टणच्या लुटीच्या अधिकृत वाटणीत त्याला सुमारे ४,००० पौंड मिळाले. त्यातून त्यानं भावाला हुद्द्याचे उसने पैसे परत देऊ केले. रिचर्डनं ते घेतले नाहीत. १८०५ मध्ये हिंदुस्थान सोडताना त्याच्या गाठीशी सुमारे ४२,००० पौंड होते. मग जिनं नाकारलं होतं तिच्याशीच, किटी पॅकनमशी, १८०६ मध्ये लग्न. सुखाचं झालं नाही, पण तो वेगळा विषय. जाता जाता एक सांगतो. १८०० मध्ये म्हैसूरकडच्या धोंडजी वाघ या बंडखोराचा पाठलाग करून त्याला मारल्यावर सामानात त्याचा चारेक वर्षांचा मुलगा सापडला, सलाबतखान. वेलस्लीनं तो आपल्या तंबूत ठेवून घेतला आणि देश सोडताना त्याच्या पालनपोषणासाठी पैसे ठेवून गेला.

आता याच पद्धतीतून निघालेलं दुसरं टोक: जेम्स ब्रुडनेल, कार्डिगनचा सातवा अर्ल. हा थोरला, एकुलता एक मुलगा, तेव्हा पोटासाठी फौजेत यायची गरजच नव्हती. १८२४ मध्ये, सत्ताविशीत घोडदळात शिरला आणि आठ वर्षांत एका पलटणीचा प्रमुख. छापील भावापेक्षा जास्त द्यायला उघड बंदी असूनही ‘वरची रक्कम’ दिली जायचीच, आणि कार्डिगननं पलटणीसाठी ४०,००० पौंड मोजल्याची लंडनभर चर्चा होती. पहिल्या पलटणीत एका कॅप्टनवर खटला भरला, तो निर्दोष सुटला, आणि १८३४ मध्ये कार्डिगनलाच काढून टाकलं गेलं. दोन वर्षांत त्याला ११ वी ड्रॅगून्स मिळाली. ही पलटण तेव्हा हिंदुस्थानात होती. साहेब १८३७ मध्ये कानपूरला आले, काही आठवडे राहिले आणि परत गेले.

इथे मला सगळ्यात जास्त रस आहे तो ‘इंडियन ऑफिसर’ या शिवीत. म्हणजे हिंदुस्थानात नोकरी काढलेला गोरा अधिकारी; कार्डिगनच्या तोंडी ती शिवीच होती. श्रीमंत अधिकाऱ्याच्या पलटणीला हिंदुस्थानचा हुकूम आला की तो एखाद्या गरजूला पैसे देऊन त्याच्याशी अदलाबदल करी आणि स्वतः इंग्लंडात कोल्ह्यांच्या शिकारीला मोकळा राही. उन्हात, कॉलऱ्यात वर्षानुवर्षं काढी तो गरजू. घोडदळ चालवायचं कसं हे त्यालाच ठाऊक, पण मेसमध्ये तो गावठी. १८४० मध्ये मेसच्या जेवणात कॅप्टन रेनल्ड्‌सच्या टेबलावर काळ्या बाटलीतून मोझेल वाइन आली. कार्डिगनला वाटलं, ही ‘इंडियन’ लोकांची पोर्टर बिअर. त्यावरून रेनल्ड्‌सला अटक होण्यापर्यंत पाळी गेली, आणि रस्त्यात पोरं अर्लला बघून ‘काळी बाटली’ ओरडू लागली. त्याच वर्षी हिंदुस्थानात राहून आलेल्या टकेट नावाच्या माजी कॅप्टनशी त्यानं द्वंद्व केलं आणि त्याला जखमी केलं. खटला उमराव म्हणून लॉर्ड्‌सच्या सभागृहात चालला, आणि आरोपपत्रातला माणूस हाच, एवढं नाव सिद्ध झालं नाही म्हणून तो सुटला.

हाच कार्डिगन २५ ऑक्टोबर १८५४ ला, रशियाशी चाललेल्या क्रिमियाच्या युद्धात, बालाक्लाव्हाला लाइट ब्रिगेडच्या, म्हणजे हलक्या घोडदळाच्या, पुढे होता. रात्री तो बंदरात नांगरलेल्या स्वतःच्या यॉटवर झोपायचा. त्याच्या वरचा अधिकारी लॉर्ड लुकन, त्याचा मेहुणा. दोघांचं एकमेकांशी बोलणं तुटलेलं. लुकनच्या वर लॉर्ड रॅग्लन, वेलिंग्टनचा जुना सचिव. वॉटर्लूत त्याचा उजवा हात कापला गेला, तेव्हा ‘तो हात परत आणा, त्यातली अंगठी बायकोनं दिलेली आहे’ एवढंच म्हणणारा माणूस, पण स्वतः रणांगणावर फौज कधी चालवलेली नव्हती. रॅग्लनचा मोघम हुकूम घेऊन आलेला कॅप्टन नोलन मात्र हिंदुस्थानात घोडदळात राबलेला, धंद्यातला जाणकार. हुकुमाचा अर्थ चुकला, मेहुण्यांनी एकमेकांना नीट विचारलं नाही, आणि साधारण ६७० स्वार तोफांच्या तोंडी गेले. नोलन सुरुवातीलाच मेला. कार्डिगन तोफांपर्यंत सगळ्यांच्या पुढे गेला, परत आला आणि यॉटवर जाऊन अंघोळ करून झोपला.

तेव्हा ‘खरंच लढायचे का’ याचं उत्तर मी असं देईन: मरायला घाबरायचे नाहीत. ती त्यांच्या घराण्यांची एकमेव परीक्षा होती आणि बहुतेक जण तीत पास व्हायचे. काम येतं का, ही परीक्षाच कुणी घेत नव्हतं. उलट हेन्री हॅवलॉक बघा, ज्याच्या नावाचं अंदमानातलं बेट आता स्वराज द्वीप झालं. पैसे नसल्यामुळे त्याला कॅप्टन व्हायला तेवीस वर्षं लागली. ‘तीन दारुडे आणि दोन मूर्ख मला ओलांडून गेले’ असं तो म्हणायचा.

तुमचा लॉर्ड फ्रेडरिक पुरंदरावर वारला तो ३० ऑक्टोबर १८५४ ला, म्हणजे बालाक्लाव्हानंतर अवघ्या पाच दिवसांनी. किल्ल्यावर तेव्हा आजारी गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यधाम होतं. युरोपशी तारायंत्र जोडलेलं नव्हतं. क्रिमियात काय झालं हे त्याला कळायचा प्रश्नच नव्हता.

क्रिमियाच्या फजितीनंतरही खरेदी बंद व्हायला सतरा वर्षं गेली. युद्धमंत्री कार्डवेलचं विधेयक लॉर्ड्‌सनी अडवलं, तेव्हा पंतप्रधान ग्लॅडस्टननं राणीच्या फर्मानानं ती पद्धत मोडली, १ नोव्हेंबर १८७१ पासून. पैसे भरलेल्यांना भरपाई मिळाली. पण फरक किती पडला? घोडदळात राहायला घरून वर्षाला शेकडो पौंड लागतच राहिले. मार्लबरोच्या ड्यूकचा नातू विन्स्टन चर्चिल १८९६ मध्ये चौथ्या हुसार्सबरोबर मुंबईला आला, ससून डॉकच्या पायऱ्यांवर खांदा निखळवून घेतला, आणि या मंडळींनी आल्या आल्या पहिलं काम काय केलं, तर पूना लाइट हॉर्सची पोलोची २५ तट्टं एकदम विकत घेतली. आईकडून येणारा भत्ता पुरत नसे म्हणून सावकार होतेच. त्याआधी, १८८६ ते १८९० या काळात, मुंबई फौजेचा सरसेनापती राणीचा मुलगाच होता, कॅनॉटचा ड्यूक आर्थर. तो वेलिंग्टनच्या वाढदिवशीच जन्मला, त्याचं नाव वेलिंग्टनवरून ठेवलं, आणि म्हातारा वेलिंग्टन त्याचा धर्मपिता.

शेवट पहिल्या महायुद्धात झाला. उमराव घराण्यांतून आघाडीवर गेलेल्यांपैकी साधारण पाचांत एक परत आला नाही. एकूण ब्रिटिश सैन्यात हे प्रमाण आठांत एकाच्या आसपास होतं. खंदकातून आधी बाहेर पडायचं ते लेफ्टनंटनं आणि कॅप्टननं, आणि ही मुलं नेमकी त्याच हुद्द्यांवर होती. लॉर्ड डेझबरोचे दोन मुलगे, ज्युलियन आणि बिली ग्रेनफेल, १९१५ च्या मे आणि जुलैमध्ये, दोन महिन्यांच्या अंतरानं गेले.

तुम्हाला फ्रेडरिकचा पुढचा माग काढायचा असेल, तर ‘लंडन गॅझेट’चे जुने अंक ऑनलाइन मोफत चाळता येतात. १८४० च्या सुमारापासून हार्टची ‘आर्मी लिस्ट’ आहे, तीत कुणी कुठे लढलं याच्या तळटीपा असतात. अधिकाऱ्यांचे हुद्द्यासाठीचे अर्ज लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात सरसेनापतीच्या दप्तरात आहेत. शिफारसपत्रांत काका-मामा कोण, हे तिथे कळतं. मुंबई इलाख्यातल्या दफनांच्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीत. गॅझेटमध्ये बढतीची ओळ सापडली, की नावापुढे ‘बाय पर्चेस’ (विकत) आहे की ‘विदाउट पर्चेस’ (पैसे न भरता), ते आधी बघा, आणि मग ‘व्हाइस’ (‘च्या जागी’) या शब्दानंतरचं नाव: ती जागा कुणाची होती ते. तो माणूस निवृत्त झाला होता की मेला होता, हे तिथेच लिहिलेलं असतं.